भिंत चाटली म्हणून

३ मार्च, सोमवार

आज मला संग्रहालयातून दंडाला धरून बाहेर काढलं. भिंत चाटली म्हणून!

चाटली म्हणजे काय — कोनाड्याच्या कडेला पांढरी पूड दिसली, म्हणून आधी बोट ओलं केलं, भिंतीवर घासलं आणि जिभेला लावलं. ते कुणी पाहिलं नाही. मग खात्री करावी म्हणून सरळ जीभच लावली, आणि नेमकं तेव्हा त्या मिशीवाल्या दरवानाने पाहिलं. "अहो काकू! काय करताय काय?" केवढ्याने ओरडला! शाळेची सहल आली होती, सगळी मुलं वळून बघायला लागली. एका चिमुरडीने मलाही चाटायचंय म्हणून भोकाड पसरलं. तिची बाई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या वर्गाला वाईट वळण लावायलाच आले होते.

मी म्हटलं, "चव बघतेय." तर म्हणे, "इथे खायचं-प्यायचं बंद आहे."

हसावं की रडावं!

बाबा कुठल्याही भिंतीला थापी लावण्याआधी चव घ्यायचे. भिंतीची, वाळूची, पाण्याची. तिन्हींची. खारट लागलं की थापी पिशवीत परत. मला त्यांनी चुना मळायला शिकवलं त्याच्या आधी चव घ्यायला शिकवलं. मी सहा वर्षांची असेन. चाळीस वर्षं चुन्याचा गिलावा केला, एकदाही कुणी मला बाहेर काढलं नाही.

आणि भिंत खारट आहे. बंदरावरच्या जुन्या वखारींत हे संग्रहालय केलंय, त्यातल्या तिसऱ्या वखारीची दक्षिणेकडची भिंत. नुसती खारट नाही — जीभ चरचरली.

४ मार्च, मंगळवार

लेक भडकलीय. भडकणारच. ती तिथेच नोकरीला आहे — उत्खननात निघालेली मडकी धुणं, सांधणं, सांभाळणं, हे तिचं काम. काल तिला काही न सांगता मी रांगेत उभी राहून तिकीट काढलं होतं.

"दरवान मला येऊन सांगतो, एक बाई भिंत चाटत होत्या, आणि विचारलं तर तुमचं नाव सांगतायत! आई, मी कुठे तोंड लपवू?"

"तोंड कशाला लपवायचं? मी चोरी केली का?"

"नशीब घडा नाही चाटलास!"

"तोही चाटला असता. हात पोचला नाही."

हे बोलायला नको होतं. ती रडायलाच लागली. एवढी चाळिशीची बाई, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून हमसून हमसून रडत होती. मग सगळं बाहेर पडलं. महिनाभर माझ्यापासून लपवत होती!

तिसऱ्या वखारीत भिंतीच्या आठ कोनाड्यांत ते आठ मोठे घडे ठेवलेत ना, त्यांची कातडी सोलवटतेय. रोज सकाळी प्रत्येक घड्याखाली लाल भुकटी पडलेली असते. लेक ती ब्रशने गोळा करते, पुडी बांधते, पुडीवर तारीख घालते. हजारो वर्षं मातीखाली धड राहिलेले घडे चार महिन्यांत हिच्या डोळ्यांदेखत झिजतायत. आणि संचालकबाईंचं म्हणणं असं की हिनेच घाई केली. जमिनीतून निघालेल्या मडक्यांत मीठ मुरलेलं असतं, ते निघेपर्यंत पाण्यात ठेवावं लागतं. ते तिने पुरतं काढलं नाही म्हणे.

"एकेक घडा एक्केचाळीस दिवस पाण्यात ठेवलाय मी. रोज पाणी बदललंय. वहीत सगळं लिहिलेलं आहे. पण वही काय, कुणीही लिहील, असं म्हणतात."

पंचवीस तारखेला चौकशी आहे. त्यात हिच्यावर ठपका आला तर नोकरी गेलीच. आणि या कामाच्या नोकऱ्या काय रस्त्यावर पडल्यात? या गावात दुसरं संग्रहालय नाही.

मी म्हटलं, "तुझे घडे कशावर बसलेत?"

"भिंतीवर. कोनाड्यातच. खाली काच घाला म्हटलं होतं मी, तर काच दिसते म्हणाले."

"मग मीठ घड्यातलं नाही, बाळ. भिंतीतलं आहे. घडे ते खालून पितायत."

ती म्हणाली, "आई, प्लीज. तू यात पडू नकोस."

पडणार!

६ मार्च, गुरुवार

घरात अबोला. भाजीत मीठ जास्त पडलं.   दोघींनी मुकाट्याने संपवली.

८ मार्च, शनिवार

पुन्हा गेले. पुन्हा तिकीट काढलं. दरवान म्हणाला, "काकू, जीभ आत ठेवायची अट आहे." मी म्हटलं, "बोलायला तरी बाहेर काढू ना?" हसला. माणूस वाईट नाही. नंतर माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला.

आज सगळं नीट पाहिलं. खरं सांगायचं तर बंदराच्या या तीन वखारी त्यांनी छान उभ्या केल्यात. मी काही उगाच नावं ठेवणाऱ्यातली नाही. पहिल्या दोन वखारींत दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, चुन्याने भरल्यात, हात फिरवला तर कुठे अडकत नाही. लाकडी तुळया तशाच ठेवल्यात. वर काचेची पट्टी, त्यातून उजेड खाली येतो आणि बरोबर उत्खननात निघालेल्या मण्यांवर पडतो. आवारातल्या जुन्या विहिरीवर जाड काच बसवलीय, आत दिवा सोडलाय, बाजूला पाटी — पाणी मचूळ, पूर्वी दोरखंड भिजवायला वापरत, असं काहीतरी. लोक वाकून बघतात आणि उगाच नाणी टाकायला जागा शोधतात.

पण जीव अडकतो तो तिसऱ्या वखारीत. घडे कमरेएवढे आहेत. एक जरा कलता आहे, तर त्याच्या गळ्याच्या आत बोटं दिसतात. ज्याने किंवा जिने तो घडवला तिची चार बोटं, ओल्या मातीत ओढलेली. करंगळी आखूड. मी कितीतरी वेळ बघत राहिले. आणि त्याच गळ्याचा पापुद्रा सुटत आलाय. आणखी दोन महिने, की ती बोटं ब्रशने गोळा करून पुडीत बांधावी लागतील.

मग माझं काम केलं. ही भिंत मी लिंपलेली आहे! छत्तीस वर्षांपूर्वी, वखारीत दोरखंडांचा साठा होता तेव्हा. माझी पहिली एकटीने केलेली भिंत. काम संपलं की बाबा डाव्या हाताला अगदी खाली, जमिनीपासून वीतभर, ओल्या गिलाव्यात अंगठा दाबायचे. कुणाला दिसू नये आणि आपल्याला सापडावा असा. त्या भिंतीवर त्यांनी मला माझा अंगठा दाबायला सांगितलं. माझ्या अंगठ्यावर थापीच्या कडेने झालेला जुना वळ आहे, आडवा. तो ठशात उमटतो. मी विसरेन का?

तिथे आता लाकडी चौथरा आहे. गुडघ्यावर बसले, हात मागे घातला, चाचपलं. गुळगुळीत! खड्डा नाही, वळ नाही, काही नाही.

म्हणजे झालं. वखारी दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराने माझा गिलावा खरवडून काढला आणि कसला तरी खारट माल थापला. वर गुळगुळीत रंग फासला. रंगामुळे भिंतीला श्वास घेता येत नाही, म्हणून मीठ बिनरंगाच्या कोनाड्यांतून बाहेर पडतंय. आणि खापर माझ्या लेकीच्या डोक्यावर!

गुडघ्यावरून उठताना दरवानाने हात दिला. 

११ मार्च, मंगळवार

संचालकबाईंना भेटले. वेळ न घेता. बाहेरच्या बाकावर दीड तास बसले, आतली बाई तीनदा सांगून गेली की आज होणार नाही. मी म्हटलं, मला कुठे जायचंय! शेवटी आत घेतलं. ठेकेदार तिथेच बसलेला होता. इस्त्रीचे कपडे, हात कापसासारखे.

सगळं सांगितलं. जिभेचंही. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "तुमची मुलगी इथे काम करते म्हणून तुमची तळमळ समजू शकते," म्हणाल्या. तळमळ! मी कामाचं बोलतेय आणि या मला आई म्हणून समजून घेतायत!

ठेकेदार गोड बोलला. "मावशी, त्या भिंतीला आम्ही हात लावलेला नाही. लांबीची पुट्टी भरून रंग तेवढा दिला. गिलावा इतका सुरेख होता, कुणीतरी जीव ओतून केलेला. काढायचं मन झालं नाही."

माझ्याच तोंडावर माझंच कौतुक करून मला गप्प करतोय! इतका कोडगेपणा मी बघितला नव्हता.

मी उजवा अंगठा त्यांच्या टेबलावर ठेवला. काचेवर, बाईंच्या कागदांच्या मधोमध. म्हटलं, "हा अंगठा त्या भिंतीत होता. शोधा. सापडला तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन. नाही सापडला तर यांनी मागायची. भिंत उघडा."

"संग्रहालयाच्या भिंती अशा कुणाच्या सांगण्यावरून उघडत नाहीत," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग भिंतीच उघडतील. पापुद्र्या-पापुद्र्याने."

आणि उठले. 

१३ मार्च, गुरुवार

झोप नीट नाही. ती भिंतच डोळ्यांसमोर.

त्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळलेले. वखारीच्या मालकांनी काम बाबांना दिलेलं, तारीख ठरलेली. सगळे म्हणत होते, गेलं काम. मुकादम तर माझ्यासमोरच म्हणाला, "पोरगी काय भिंत लिंपणार? तिला म्हणावं घरी जाऊन चूल लिंप."  दुसऱ्या दिवशी पहाटे चुना दळायच्या घाणीवर उभी होते.

अकरा दिवसांत भिंत! एवढी लांब, आठ कोनाड्यांसकट! दोन बाया हाताखाली, बाकी मी. मधेच गावाकडून येणारी पाण्याची गाडी बंद झाली, चार दिवस येणार नाही म्हणाले. माझी जागा दुसऱ्या कुणी घेतली असती तर हात जोडून बसला असता. मी आवारातल्या विहिरीवर भागवलं, पण थांबले नाही! बाराव्या दिवशी मुकादम भिंतीवर हात फिरवून गेला आणि काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मी आयुष्यभर पुरवून खाल्लंय.

बाबांना उचलून खुर्चीत घालून दाखवायला आणलं. त्यांनी नुसतं म्हटलं, "अंगठा लाव."

असला गिलावा खारट व्हायचा नाही.

१६ मार्च, रविवार

लेक बोलली!

सकाळी माझ्यापुढे दोन काचेच्या नळ्या आणून ठेवल्या. काल सगळे गेल्यावर तिने कोनाड्यातली चिमूटभर भुकटी आणि घड्यातली चिमूटभर भुकटी घेतली, वेगवेगळ्या पाण्यात विरघळवली, वर कसलं तरी औषध थेंबभर टाकलं. मीठ असलं की पाणी दुधासारखं होतं म्हणे. घड्याची नळी जराशी धुरकट. कोनाड्याची — दूध!

"तुझी जीभ खरी आहे," म्हणाली.

"मग? छत्तीस वर्षांनीसुद्धा!"

"चाळीस म्हणतेस एरवी."

खूप दिवसांनी हसलो. मग ती नळ्या पुसता पुसता म्हणाली, "लहानपणी मला तुझी लाज वाटायची. सगळ्यांच्या आया घरी, माझी आई पांढऱ्या पायांनी मचाणावर." मी म्हटलं, "आणि आता?" तर म्हणे, "आता भिंती चाटतेस. आता तर काही विचारूच नकोस."

पण माझ्या ताटलीत दुसरी पोळी तिने न विचारता वाढली. तेवढं मला कळतं.

१८ मार्च, मंगळवार

तिने चौकशीसाठी लेखी म्हणणं दिलं. मला वाचून दाखवलं. नळ्यांचं, वहीचं, काच घाला म्हटल्याचं, सगळं व्यवस्थित. शेवटी लिहिलंय — सदर भिंतीचा मूळ गिलावा ठेकेदाराने काढून नवा निकृष्ट गिलावा केला आहे.

सही करण्याआधी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "आई, हे एकच वाक्य माझं नाही, तुझं आहे. नक्की ना?"

"नक्की."

केली सही.

२० मार्च, गुरुवार

ठेकेदार खवळलाय. उखडली एकदाची इस्त्री! संचालकबाईंना सांगितलंन, उघडा भिंत, माझी हरकत नाही. पण आरोप खोटा निघाला तर तो लिहिणाऱ्या बाईने माझी लेखी माफी मागायची आणि राजीनामाही द्यायचा. संचालकबाईंनी मान्य केलं. पंचवीसला, चौकशीच्या तिघांसमोर, डाव्या कोपऱ्यातला चौथरा काढून हातभर जागा उघडायची.

लेक पांढरी पडलीय. मी म्हटलं, "अगं, भिते काय? माझी भिंत मला माहीत नाही?"

हे लिहितानासुद्धा अक्षर सरळ येतंय. बघ!

२३ मार्च, रविवार

एक क्षुल्लक गोष्ट. ठेकेदार लांबी भरली म्हणाला होता. लांबीने खड्डे बुजतात.

असो. त्याच्या बोलण्यावर काय विश्वास!

२५ मार्च, मंगळवार, सकाळ

निघतोय दोघी. मी कामाचे जुने कपडे घातलेत, कोपरावर ठिगळ असलेले. लेक म्हणाली, चांगले घाल, चौकशीला चाललोय. मी म्हटलं, मी भिंतीला भेटायला चाललेय, तिने मला याच कपड्यांत पाहिलंय. पिशवीत बाबांची छिन्नी आणि लाकडी हातोडी. त्यांचा माणूस कचरला तर मीच उघडणार. कचरणार नाही कशावरून? एवढ्या साहेबांसमोर!

लेकीने देवाला केला नाही इतक्या भक्तिभावाने तिच्या वहीला नमस्कार केला. मी पाहिलं. 

आज त्या मुकादमाची आठवण येतेय. आज असायला हवा होता.

२५ मार्च, संध्याकाळ

त्यांचा माणूस कचरलाच. छिन्नी मी घेतली. सगळे मागे उभे, भिंतीशी मी एकटी वाकलेली. लांबीचा पोपडा सुटला आणि खाली अंगठा. आडव्या वळासकट. माझा.

ठेकेदार खरं बोलत होता. रंगाने वाट अडवली, पण मीठ मी वापरलेल्या त्या विहिरीच्या पाण्याचं. वाळूची चव मी घेतली होती. भिंतीची घेतली होती. पाण्याची घेतली नव्हती, कारण काय लागेल ते मला माहीत होतं. बाबा खुर्चीत होते, भिंतीला जीभ लावायला त्यांना वाकता येत नव्हतं.

कुणाला काही दिसलं नव्हतं. ठसा उडवायला छिन्नीचा एक टोला पुरे होता.

मी बाजूला झाले. म्हटलं, "या, बघा." लेक सगळ्यांत पुढे आली, बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. संचालकबाईंनी विचारलं, "कुणाचा आहे?"

मी माझा अंगठा त्याच्यात ठेवला. मग म्हटलं, "लिहून घ्या. माफी तिने नाही, मी मागायचीय."